अकरा सेकंदांचा किलोमीटर

बोर्दोला माणसं वाइनसाठी जातात. आमचे तिथले तीन दिवस पावसात गेले. चौथ्या दिवशी मी डाक्सच्या साध्या गाडीत खिडकी पकडली, फॅक्त्यूर आणि मॉर्सान्स या स्टेशनांमधला रूळ बघायला; रेल्वेच्या वेगाचा १९५५ चा विक्रम याच रुळावर झाला. बायको "तुझं तू बघ" म्हणून खोलीतच राहिली. शहाणी.

दिसतं काय? पाइन. लांद नावाच्या प्रदेशाचा हा भाग पूर्वी दलदलीचा. एकोणिसाव्या शतकात लावलेली पाइनची झाडं अजून कवायतीला उभी असल्यासारखी दोन्ही बाजूंना. रूळ मात्र सरळसोट आणि सपाट, म्हणून तर वेगाच्या चाचणीला हीच जागा निवडली. २८ मार्च १९५५ ला तीन डबे जोडून सीसी ७१०७ हे इंजिन इथून पळालं. या जातीची ५८ इंजिनं बनली. सहा आस, म्हणजे चाकांच्या सहा जोड्या, सहाही ओढणाऱ्या, रोजच्या कामात ताशी १५० किमीची मर्यादा. त्या दिवशी ३२६. दुसऱ्या दिवशी चार आसांचं बीबी ९००४ आलं आणि ३३१ गाठून गेलं. जाहीर करताना मात्र दोघांनाही ३३१! दोन्ही इंजिनं वेगवेगळ्या कारखान्यांची, कोणाचंच तोंड वाकडं व्हायला नको. भांडणाऱ्या भावंडांना आई लाडू सारखे वाटते तसं.

वाकडे झाले ते रूळ. बीबी ९००४ गेल्यावर अक्षरशः नागमोडी, आणि तो फोटो पुढे बरीच वर्षं दडवून ठेवला. आदल्या दिवशी सीसी ७१०७ चा पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा, वितळला होता. १५०० व्होल्ट डीसी म्हणजे दाब कमी, त्यामुळे करंट भरमसाट. हे मला शिकवावं लागत नाही, माझं लहानपण इगतपुरीचं. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला धावलेली गाडीही याच १५०० व्होल्टवर, आणि इगतपुरीला डीसी संपून पुढे एसी असायचं, म्हणून डीसी इंजिन काढून एसी लावेपर्यंत आमच्या फलाटावर एक वडा निवांत संपायचा. ते २५ हजार व्होल्टचं एसीही आपल्याकडे फ्रेंचांच्याच सल्ल्याने आलं.

फॅक्त्यूर सुटलं. फोनवर वेग १५८. रुळालगतचे किलोमीटरचे फलक बघत मी पुटपुटत मोजू लागलो. एका किलोमीटरला तेवीस सेकंद. पुन्हा तेवीस. ३३१ च्या वेगाने लागले असते अकरा, म्हणून मग डोळे मिटून अकरावरच थांबून पाहिलं. नऊ, दहा, अकरा, संपला किलोमीटर. पोटात खड्डा पडला. सत्तर वर्षांपूर्वी, लोखंडी खोक्यात, डोक्यावर ठिणग्या उडत असताना! समोरच्या आजींनी कुत्र्याला जवळ ओढलं. मोडक्या फ्रेंचमध्ये "३३१, १९५५, इथेच" एवढं मी जमवलं. त्यांनी खांदे उडवले आणि मला एक बिस्किट दिलं. कुत्र्यालाही एक.

मॉर्सान्सला उतरलो तर समोरचा कॅफे दोनलाच बंद. फ्रान्समध्ये भूक घड्याळ लावून लागली पाहिजे, हे दहा दिवसांतही माझ्या पोटाला पटलेलं नाही. बाकावर बसून घरचा चिवडा खाल्ला. इंजिनांबद्दल बोलायला अख्ख्या फलाटावर एक माणूस नव्हता.

परतीला दुसऱ्या बाजूची खिडकी मिळाली. उलट्या दिशेने मोजायचं ठरवलं होतं. डोळे उघडले तेव्हा बोर्दो आलं होतं.