जोर कसा लावायचा, सिस्टर?

आठव्या-नवव्या महिन्यात तपासणीला येणाऱ्या मुली आवाज खाली आणून हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: शिकण्यासारखं त्यात फार थोडं आहे.

बाळाचं डोकं पिशवीच्या तोंडावर आणि खाली वाटेवर दाबू लागलं की तिथला ताण मेंदूपर्यंत पोचतो. कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, कळा जोर धरतात, डोकं आणखी खाली येतं, ताणही आणखी वाढतो. हे चक्र फर्ग्युसन या संशोधकांनी १९४१ मध्ये मांडलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखतात. डोकं तळाशी टेकलं की बाई आपसूक कुंथते. आम्हाला ते बाहेर व्हरांड्यातही कळतं. ओरडण्याचा सूर बदलून घशातून येऊ लागतो.

तरी लेबर रूममध्ये "श्वास रोख, हनुवटी छातीला लाव, लाव जोर!" चालूच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की बाईला तिच्या स्वतःच्या ऊर्मीनेच जोर लावू द्यावा. तसं सोडलं तर ती एका कळेत थोडा-थोडा, तीन-चारदा कुंथते, मध्ये श्वास घेते. पिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर, उघडण्याआधीच जोर लावून घेतला तर ती नुसती दमते. आणि वरून पोट दाबणं? तेही करू नये असंच त्यांनी म्हटलंय.

कधीकधी तोंड पूर्ण उघडतं, पण ऊर्मी येत नाही. बाळाचे ठोके ठीक असतील तर कुशीवर पडून राहा, उकिडवं बसा, घोटभर पाणी प्या. घाई आमची असते, पोटाची नसते. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलेलं औषध, घेतलं असेल तर मात्र ऊर्मी बोथट होते, तेव्हा आम्ही सांगू तेव्हा लावा. ठोके उतरले आणि डॉक्टर जोर लावायला ओरडले, तर तेव्हाही ऐका. डोकं बाहेर पडताना "आता थांब" म्हटलं की फुंकर मारत राहायचं. तेवढं मात्र घरी करून बघा, ऐन वेळी जमत नाही.

उरली ती गोष्ट, जी कुणी विचारत नाही. त्या क्षणी शौचाला लागल्यासारखंच वाटतं, आणि "इथेच झाली तर?" या लाजेने कित्येकजणी आलेला जोर आवळून धरतात. होते कधीकधी. आम्ही कापडाने पुसतो आणि पुढच्या कळेकडे बघतो.