रिसेट पटकन केला तर जास्त चालते

कारखान्यातली लाइन थांबायची, ऑपरेटर रिसेट करायचा, लाइन चालायची, परत थांबायची. कधी साडेतीन मिनिटं चालली, कधी दोन, कधी रिसेटचं बटण सोडेपर्यंत परत लाल दिवा. एचएमआयवर, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवर, अलार्म एकच, 'रिमोट आयओ कम्युनिकेशन फॉल्ट', ज्यातून कुणालाही काहीही कळत नाही.

मी पोचलो तोपर्यंत निकाल लागून गेला होता. शनिवार-रविवारच्या शटडाउनमध्ये मेंटेनन्सने मेन कन्व्हेयरचा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बदलला, सोमवारी लाइन चालू केली आणि हे सुरू झालं, मग दुसरं काय असणार? वाईट म्हणजे हे लॉजिक बऱ्याचदा बरोबर निघतं. व्हीएफडीचा आउटपुट म्हणजे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं व्होल्टेज, मोटर केबलची शिल्ड नीट अर्थ नसेल तर तो नॉइज शेजारच्या केबलमध्ये घुसतो, हे सगळं खरंच आहे. त्यामुळे नॉइज दाबणारे फेराइट लावून झाले होते, एम१२ कनेक्टर बदलून झाले होते, पॅच कॉर्ड नवीन आले होते, आणि मोटर केबलच्या शिल्डची पिगटेल (पिळून केलेली शेपटी) काढून पूर्ण ३६० अंशांचा क्लॅम्प बसवला होता, जो कुणी सांगितल्याशिवाय इतका व्यवस्थित बसवलेला मी क्वचितच बघतो. फरक शून्य.

बाहेरच्यांना ऑटोमेशन म्हटलं की रोबो दिसतात. आमचा निम्मा वेळ पॅनेलचं दार उघडून एलईडी बघण्यात जातो आणि उरलेला पासवर्ड शोधण्यात. इथे मेन पॅनेलमध्ये एक मॅनेज्ड नेटवर्क स्विच होता, म्हणजे आत शिरून सेटिंग करता येणारा, बाकी सब-पॅनेलमध्ये साधे अनमॅनेज्ड, आणि मॅनेज्डचा पासवर्ड कुणाकडेच नाही. लाइन ज्यांनी कमिशन केली त्यांचा इंजिनिअर कधीच कंपनी सोडून गेलेला. शेवटी पासवर्ड सापडला तो पॅनेलच्या दाराच्या आतल्या ड्रॉइंगच्या खिशात, ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला. सिक्युरिटीवाल्यांनी हे वाचू नये.

पासवर्ड मिळायच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची. लाइनवरचे ऑपरेटर काका, वय बरंच, बोलणं कमी, माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "साहेब, एक सांगू का? रिसेट पटकन केला ना, तर जास्त चालते. उशीर केला तर लगेच पडते."

शिफ्ट इनचार्ज हसला. "काका, तुम्ही पटकन केला का सावकाश, मशिनला काय कळतंय?"

मला मात्र ते डोक्यात बसलं, कारण नॉइजला ऑपरेटरच्या रिसेटशी काहीच देणंघेणं नसतं. लाइन जास्त वेळ थांबवली की पुढची फेरी लहान होते, याचा एकच अर्थ निघतो की कुठेतरी घड्याळ चालू आहे आणि ते रिसेटपासून मोजत नाही.

एचएमआयचा अलार्म लॅच होणारा, म्हणजे एकदा आला की रिसेट होईपर्यंत तसाच, मध्ये फॉल्ट परत आला तरी नवीन ओळ पडत नाही. लॉगबुकमध्ये तर 'लाइन थांबली, रिसेट केले' एवढंच, वेळ पाच मिनिटांच्या पटीत. म्हणून मी लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये छोटं लॉजिक टाकलं, जीएसव्हीने (कंट्रोलरच्या आतली स्थिती वाचायची इन्स्ट्रक्शन) प्रत्येक आयओ मॉड्यूलचा फॉल्ट कोड वाचायचा आणि बदलला की वेळेसकट अ‍ॅरेमध्ये ढकलायचा. चालू प्लांटमध्ये ऑनलाइन एडिट म्हटलं की प्रॉडक्शन मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण लाइन तशीही चालत नव्हती.

मग जेवणाची सुट्टी झाली. लाइन बंद, सगळ्या मोटर उभ्या, नवीन व्हीएफडी नुसता पॉवरवर. आणि अ‍ॅरे भरत होता. कोड ०२०३, कनेक्शन टाइम आउट, लाइनवरचे सिग्नल कंट्रोलरला पोचवणारे तीसेक अ‍ॅडॅप्टर दोन-तीन सेकंदांत एकामागून एक पडायचे, लगेच आपोआप परत जोडले जायचे, आणि मग परत. दोन पडण्यांमधलं अंतर २६२ सेकंद, २६१, २६३, २६२. एकही मोटर फिरत नसताना! नॉइजचा विषय तिथेच संपला, आणि काकांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. कनेक्शन स्वतःहून जोडलं जायचं तेव्हाच घड्याळ सुरू व्हायचं, काका रिसेट आणि होमिंग (मशिन मूळ जागी आणणं) करेपर्यंत त्यातला मिनिटभर गेलेला असायचा, लाइन चालायची ती उरलेल्या वेळात. चहाला गेले तर उरायचं काय?

हा आकडा ज्याने मल्टिकास्टचं, म्हणजे एकाच वेळी अख्ख्या ग्रुपला डेटा पाठवण्याचं, काम केलंय त्याला लगेच खटकतो. या ग्रुपची नावनोंदणी चालते त्या नियमांचं नाव आयजीएमपी, त्याचं व्हर्जन २, आरएफसी २२३६ हा दस्तऐवज, १९९७ सालचा, त्यात ग्रुप मेंबरशिपची मुदत येते ती अशी: क्वेरीचं ('ग्रुपमध्ये कोण आहे' या विचारणेचं) अंतर १२५ सेकंद, त्याच्या दुप्पट २५०, अधिक उत्तराला १० सेकंद. २६०.

म्हणजे काय ते सांगतो. इथरनेट/आयपी या कारखान्यातल्या नेटवर्कवर जुने आयओ अ‍ॅडॅप्टर आपला इनपुट डेटा कंट्रोलरला मल्टिकास्टने पाठवतात, यूडीपी पोर्ट २२२२, ग्रुपचा पत्ता २३९.१९२ पासून सुरू होणारा. कंट्रोलर त्या ग्रुपमध्ये नाव नोंदवतो, स्विचचं आयजीएमपी स्नूपिंग ती नोंद वाचतं आणि तो डेटा फक्त त्याच पोर्टला सोडतं. नोंद टिकवायला नेटवर्कवर कुणीतरी वर्गातल्या मास्तरांसारखी अधूनमधून हजेरी घ्यावी लागते, तो क्वेरियर. तो नसेल तर पहिली नोंद कनेक्शन जोडताना होते, २६० सेकंद चालते आणि खोडली जाते. आमच्या स्विचवर नोंद नसलेलं मल्टिकास्ट टाकून द्यायची सेटिंगही कुणीतरी करून ठेवलेली. १०० मिलिसेकंद डेटा आला नाही की कंट्रोलर कनेक्शन तोडतो, परत जोडतो, जोडताना परत नाव नोंदवतो, आणि चक्र चालू.

स्विचमध्ये शिरल्यावर कंट्रोलरचा पोर्ट मिरर केला, म्हणजे त्याच्या पॅकेटची नक्कल लॅपटॉपकडे वळवली, पॅकेट बघायच्या वायरशार्कमध्ये फिल्टर लावला नुसता 'आयजीएमपी', आणि बसलो. रिपोर्ट दिसले, कनेक्शन जोडतानाचे, झुबक्याने. क्वेरी एकही नाही. २२४.०.०.१ वर दर १२५ सेकंदांनी जे पॅकेट यायला पाहिजे ते नाहीच.

मधल्या वेळात प्रॉडक्शन मॅनेजरने स्विच विकणाऱ्याला फोन लावलेला होता आणि त्याने छातीठोक सांगितलं, स्नूपिंग बंद करून टाका, आम्ही सगळीकडे तेच करतो. मी नको म्हणत असताना ते बंद केलं गेलं, आणि लाइन चालली, न थांबता, सगळे खूश, माझ्याकडे असं बघताहेत की याला एवढा वेळ का लागला. स्नूपिंग बंद म्हणजे मल्टिकास्ट सगळ्या पोर्टना. आरपीआय, म्हणजे डेटा पाठवायचं अंतर, १० मिलिसेकंद, एका अ‍ॅडॅप्टरची सेकंदाला १०० पॅकेट, तीस अ‍ॅडॅप्टरची ३०००, आणि ती आता लाइनवरच्या प्रत्येक डिव्हाइसच्या दारात, त्याला हवी असोत वा नसोत. कंट्रोलरला काही वाटत नाही. शेवटच्या स्टेशनवरच्या जुन्या बारकोड स्कॅनरला वाटलं, त्याचा बिचारा प्रोसेसर नको असलेली पॅकेट फेकण्यातच गुंतला आणि कोड वाचून पाठवायला उशीर करायला लागला, माल बिनास्कॅनचा रिजेक्टला. कुणी म्हणालं स्कॅनरच बदला. विक्रेत्याचं हे 'सगळीकडे तेच करतो' मी इतक्या प्लांटमध्ये निस्तरलंय की विचारू नका.

स्नूपिंग परत चालू केलं, पॅनेलच्या स्विचवर क्वेरियर चालू केला, त्याला त्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमध्ये) सगळ्यात लहान आयपी दिला, कारण दोन क्वेरियर असले तर लहान आयपीवाला जिंकतो आणि मला तो प्लांटच्या आतला पाहिजे होता. बास, काम एवढंच. अ‍ॅरे रिकामा राहिला, स्कॅनरही ताळ्यावर आला.

पण मग आधी इतकी वर्षं चालत कसं होतं? या स्विचवर क्वेरियर कधीच चालू नव्हता, बॅकअप फाइलमध्येही नाही.

पॅनेलमधून एक केबल ऑफिसकडे जाते, प्रॉडक्शन रिपोर्टसाठी. ऑडिटच्या फाइलमध्ये प्लांट नेटवर्क 'स्वतंत्र' आहे, पर्ड्यू मॉडेलचं, म्हणजे प्लांट आणि ऑफिसचं नेटवर्क थरांमध्ये वेगळं दाखवणारं, रंगीत चित्र आहे, सही आहे, शिक्का आहे. प्रत्यक्षात तोच व्हीलॅन आयटीच्या कोर (मध्यवर्ती) स्विचपर्यंत सरळ गेलेला, आणि तो जुना कोर स्विच कुठल्यातरी दुसऱ्याच कामासाठी चालू केलेल्या मल्टिकास्टमुळे आमच्या लाइनची हजेरी घेत बसला होता, वर्षानुवर्षं, कुणालाही माहीत नसताना. त्याच शनिवार-रविवारी आयटीने तो बदलला. प्लांटला कळवलं नाही, कारण त्यांच्या कागदावर प्लांट वेगळा होता. आयटीतल्या मुलाने नंतर सांगितलं की आमच्या बाजूने येणारा मल्टिकास्टचा रतीब तो रोज ग्राफवर बघायचा (क्वेरियरकडे जाणाऱ्या पोर्टला स्नूपिंग सगळं मल्टिकास्ट देतं), त्याला वाटायचं कॅमेरे असतील.

मला अजून पटत नाही ते पुढचंच. रूट कॉज अ‍ॅनालिसिसचा फॉर्म निघाला, पाच वेळा 'का' विचारायचं आणि शेवटी जबाबदार विभाग लिहायचा. मीटिंगमध्ये ठरलं, 'आयटीकडून कॉन्फिगरेशन चुकले'. त्या मुलाने काय चुकवलं? त्याला दिलेल्या यादीत व्हीलॅन होते, आयपी होते, पोर्ट होते, सगळं त्याने जसंच्या तसं उतरवलं. जे कुणी मुद्दाम मागितलंच नव्हतं ते यादीत कुठून येणार? मी म्हटलं, ती केबल कुणाची ते आधी ठरवा, आयटीची का मेंटेनन्सची, तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मीटिंगमधल्यांचं मत असं की फॉर्ममध्ये विभाग एकच लिहिता येतो. काकांचं निरीक्षण मात्र कुठल्याच 'का'च्या उत्तरात आलं नाही, मी तोंडी सांगितलं तेव्हा इनचार्ज म्हणाला, "हो, बोलले होते काहीतरी."

आता लॅपटॉप जोडून दोन-तीन मिनिटं क्वेरीची वाट बघायची आणि ती कुठून येते ते लिहून ठेवायचं, हे मी त्यांच्या बाकीच्या लाइनवरही केलं. क्वेरी सगळ्या पोर्टना जाते, त्यामुळे मिररचीही गरज नाही. पॅकिंगच्या लाइनवर ती येतेय मशिनवाल्याने रिमोट सपोर्टसाठी बसवलेल्या राउटरमधून, आणि तोच राउटर सिक्युरिटीच्या मुद्द्यावर काढून टाकायच्या यादीत आहे. आयटी आणि मेंटेनन्स दोघांना मेल टाकलाय, तो काढायच्या आधी स्विचवर क्वेरियर चालू करा म्हणून, कसा करायचा त्याच्या स्क्रीनशॉटसकट. आयटीचं उत्तर आलं, पॅनेलमधला स्विच आमच्या यादीत नाही. मेंटेनन्सचं यायचंय.