कट पडायच्या आधी

या टप्प्यात मी एकाच गोष्टीच्या मागे लागले आहे: कट, म्हणजे एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून दुसऱ्याच्या चित्रावर जाणं, पडण्याआधी ओळखता आला पाहिजे. एका कॅमेऱ्यावर शूट करून नंतर एडिटिंगच्या टाइमलाइनवर जोडत बसणं आता बऱ्यापैकी जमतं. तिथे एक फ्रेम मागे, दोन फ्रेम पुढे करून बघता येतं, आवडलं नाही तर अनडू आहेच. लाइव्ह मल्टिकॅमेऱ्यात ही चैन नाही. स्विचरवरचं, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाईल ते निवडणाऱ्या यंत्रावरचं, बटण दाबलं की चित्र गेलं. मग डोळा थोडा पुढच्या क्षणावर ठेवायची सवय लागते, आणि ही सवय फक्त वर्गात बसून लागत नाही. म्हणून घरी टीव्हीसमोर, येता-जाता प्रवासात आणि परवानगी मिळेल तेव्हा स्टुडिओच्या पीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात, मागच्या खुर्चीवर गप्प बसून सराव चालू आहे.

टीव्ही

आवाज बंद करून कार्यक्रम बघणं हा व्यायाम सगळेच सांगतात. मला त्याचा उलटा प्रकार जास्त लाभला. पडद्याकडे पाठ करायची, फक्त ऐकायचं आणि जिथे कट पडेल असं वाटेल तिथे टेबलावर बोट आपटायचं. कार्यक्रम रेकॉर्ड केलेला असावा, म्हणजे नंतर तोच भाग बघून पडताळता येतो. फोनवर बोटाचा आवाज रेकॉर्ड करून तो ट्रॅक एडिटिंगमध्ये कार्यक्रमाखाली लावला, तर आपण किती फ्रेम उशिरा होतो तेही कळतं. सुरुवातीला माझं बोट जवळजवळ नेहमीच मागाहून पडायचं. आता चर्चेच्या कार्यक्रमांत ते कटच्या आसपास येतं, कधी कधी आधीही.

हे कशामुळे जमलं? श्वासामुळे. बोलायला निघालेला माणूस आधी श्वास घेतो, आणि लेपल माइक छातीपाशी असल्यामुळे तो ऐकू येतो. चांगला दिग्दर्शक त्या श्वासावर कॅमेरा घेतो, म्हणजे पाहुण्याचा पहिला शब्द त्याच्याच चेहऱ्यावर पडतो. सुस्त कार्यक्रमात पाहुणा अर्धं वाक्य बोलून होतो तरी आपण निवेदकाच्या हलणाऱ्या मानेकडे बघत असतो. एक अडचण मात्र आहे: साउंडवाला न बोलणाऱ्यांच्या माइकचे फेडर खाली ठेवत असेल किंवा हेच काम आपोआप करणारा ऑटोमिक्सर लावलेला असेल, तर श्वास आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी पडद्याकडे तोंड करून टू-शॉटमधले, म्हणजे दोघे एकत्र दिसतात त्या चित्रातले, हात बघायचे. बोलायच्या आधी हात टेबलावरून उठतात.

रोजच्या मालिकांवर हा सराव करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. पार्श्वसंगीताचा धक्का आला की तीन चेहरे येणार, हे ओळखायला शिकावं लागत नाही.

खेळाचं प्रक्षेपण मात्र खाण आहे. फुटबॉलमध्ये मैदानाच्या मध्यरेषेवर उंचावर ठेवलेला मुख्य कॅमेरा बराच वेळ धरून ठेवतात. क्लोजअप येतो तो चेंडू बाहेर गेल्यावर, फाऊल झाल्यावर किंवा खेळ मंदावल्यावर. म्हणजे इथे कट ओळखायचा तर कॅमेऱ्यापेक्षा खेळ वाचता यायला हवा. पंचाच्या ओठांकडे शिट्टी गेली की क्लोजअपचं बटण तयार असणार, हे आता अंगात उतरतंय.

क्रिकेटमध्ये एक वेगळीच गंमत आहे. पूर्वी गोलंदाजाच्या पाठीमागचा कॅमेरा एकाच टोकाला असायचा, त्यामुळे एकाआड एक षटकात फलंदाज पाठमोरा दिसायचा. १९७७ मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटच्या प्रक्षेपणात दोन्ही टोकांना कॅमेरे लावले गेले आणि फलंदाज कायम समोरून दिसू लागला. आता १८० अंशांचा नियम आठवा: दृश्यातून जाणारी एक काल्पनिक रेषा, म्हणजे ॲक्सिस, धरायची आणि कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवायचे. दोन टोकांचे कॅमेरे म्हणजे दर षटकाला कॅमेरा थेट समोरच्या बाजूला जातो. तरी कुणी गोंधळत नाही, कारण मध्ये षटक संपल्याची मोकळी जागा असते आणि त्या जागेत क्षेत्ररक्षक चालताना, धावफलक, प्रेक्षक असं काहीतरी दाखवून घेतात. ॲक्सिस ओलांडायची तर कुठे, याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

रिप्लेच्या आधी आणि नंतर जो लोगो झर्रकन पडद्यावरून जातो, त्याकडेही आता नीट बघते. तो सजावटीसाठी नाही, काळ बदलल्याची ती खूण आहे. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत आर्मी विरुद्ध नेव्ही या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात टोनी व्हर्ना या दिग्दर्शकाने टचडाउन लगेच पुन्हा दाखवला, तेव्हा अशी काही खूण नव्हती. समालोचकाला सांगावं लागलं की हे थेट चित्र नाही, आर्मीने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत. आजही एखाद्या छोट्या प्रक्षेपणात हा लोगोचा वाइप राहून गेला, तर क्षणभर आपलंही डोकं फिरतं.

प्रवास

बसमध्ये किंवा ट्रेनमध्ये कॅमेरा बाहेर काढत नाही. अनोळखी लोकांचे चेहरे त्यांना न विचारता टिपणं मला पटत नाही, आणि कॅमेरा हातात असला की माणूस बघायचं सोडून एक्सपोजर जुळवत बसतो. मग हाताशी उरतात दोन गोष्टी, खिडकी आणि कान.

खिडकीचा व्यायाम असा. सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमवर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागावेत, नाहीतर चित्र थरथरत सरकतं, असा कॅमेरावाल्यांचा ढोबळ नियम आहे. सात सेकंद ऐकायला कमी वाटतात. खिडकीची चौकट म्हणजे फ्रेम धरा आणि बाहेरचं एखादं झाड उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत जायला किती वेळ घेतं ते मनात मोजा. रुळांजवळचा खांब येतो न येतो तोच गेलेला असतो. मधल्या अंतरावरचं घर दोन-तीन सेकंद राहतं. सात सेकंद राहणारी वस्तू बऱ्यापैकी लांब असते. हे रोज मोजल्यामुळे ट्रायपॉडवर हात ठेवला की पॅनचा वेग आता घड्याळाशिवाय येतो. या नियमाला एक सूट आहे. चालत्या माणसाला किंवा गाडीला धरून पॅन केला तर वेग वाढला तरी चालतं, कारण बघणाऱ्याची नजर त्या माणसावर खिळलेली असते आणि मागची थरथर खुपत नाही.

बसच्या एलईडी पाट्या फोनवर टिपून बघा. शटर वेगवान ठेवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश कमी वेळ मिळाला, तर अक्षरं अर्धवट येतात, कारण पाटीतले दिवे सगळे एकदम पेटलेले नसतात, ओळीओळीने पेटतात. शटर सावकाश केलं की पाटी पूर्ण वाचता येते. ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी जुन्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून तिथे सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० शटर धरतात. ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. स्वस्त एलईडी दिव्यांना मात्र हा हिशोब लागू पडेलच असं नाही. तिथे आधी टेस्ट शॉट घेऊन बघणं हाच उपाय.

ट्रेनमध्ये मी आवाज गोळा करते. फोन विमान मोडवर, छोटा रेकॉर्डर मांडीवर, आणि एकाच जागेचा किमान मिनिटभर अखंड आवाज. दार उघडताना, बोगद्यात शिरताना, स्टेशन जवळ येताना. आवाज आधी बदलतो आणि चित्र मागून बदलतं, हे प्रवासात सतत घडत असतं: बोगद्याची घूं ऐकू येते, मग अंधार होतो. एडिटिंगमध्ये पुढच्या दृश्याचा आवाज आधी आणणारा जे-कट इतका स्वाभाविक का वाटतो, याचं माझ्यापुरतं उत्तर मला इथेच मिळालं.

स्टुडिओ

पीसीआरमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं की इथे सगळे एकाच वेळी बोलतायत. काही वेळाने आवाज वेगळे होतात. दिग्दर्शक पुढचं सांगतो, सहायक वेळ मोजते, स्विचरवरची व्यक्ती जवळजवळ काहीच बोलत नाही. टॉकबॅकवर, म्हणजे सगळ्यांच्या कानातल्या अंतर्गत बोलण्यात, "टू नेक्स्ट" ऐकू आलं की दोन नंबरचा कॅमेरामन फ्रेम पक्की करतो आणि हलायचं थांबतो. मग नुसतं "टू", की चित्र बदललं आणि त्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा, टॅली, पेटला. लगेच "थ्री नेक्स्ट". थोडक्यात, दिग्दर्शकाने सध्याचं चित्र मनातून कधीच सोडलेलं असतं. बाहेर जाणारं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅम मॉनिटरकडे तो ओझरतं बघतो, त्याचा मुक्काम पुढचं चित्र दाखवणाऱ्या प्रिव्ह्यूवर आणि बाकी कॅमेऱ्यांच्या मॉनिटरवर.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते कॅमेरामन शॉट कसे सुचवतात यानं. कुणी काही सांगत नाही. चार नंबरवाला आपण होऊन ऐकणाऱ्या पाहुण्याच्या हातांवर जातो, फोकस धरून थांबतो. दिग्दर्शकाला दिसलं आणि हवं असलं तर "फोर नेक्स्ट". नको असलं तर काही सेकंदांनी कॅमेरा मुकाट आपल्या जागेवर परत. या न बोललेल्या देवाणघेवाणीत जो कॅमेरामन चर्चा कान देऊन ऐकतो त्याचेच शॉट जास्त वेळा लागतात. मी मागे बसून त्याच्या आधी तो कुठे जाईल हे ओळखायचा प्रयत्न करते. घरी टेबलावर बोट आपटण्यापेक्षा हा खेळ कितीतरी अवघड आहे.

उपग्रहावरून वार्ताहर जोडलेला असतो तेव्हा तर वाट बघणं हीच कला होते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद. प्रश्न जायला तेवढा, उत्तर यायला तेवढा, शिवाय एन्कोडिंगचा वेळ वेगळाच. निवेदकाचा प्रश्न संपल्या संपल्या वार्ताहरावर कट घेतला तर तो नुसता उभा दिसतो. म्हणून दोघांना शेजारी-शेजारी चौकटीत ठेवतात, किंवा निवेदकावर क्षणभर जास्त थांबतात. वार्ताहराच्या कानातल्या फीडमधून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला असतो, ज्याला मिक्स-मायनस म्हणतात. तो वगळला नाही तर उशिराने परत येणारा स्वतःचाच आवाज ऐकून माणूस अडखळायला लागतो.

तांत्रिक बाजूने एक गोष्ट फार आवडली. कट कुठल्याही क्षणी दाबला तरी तो फ्रेमच्या मध्ये कधीच पडत नाही. सगळे कॅमेरे एकाच सिंकवर चालतात, याला जेनलॉक म्हणतात, आणि स्विचर दोन फ्रेमच्या सांध्यावरच चित्र बदलतो. २५ फ्रेमवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे बोट किती अचूक पडलं, याची सगळ्यात बारीक मोजणी तेवढीच.

वर छताच्या ग्रिडवर टांगलेले दिवेही आता वेगळ्या नजरेने बघते. १९५१ मध्ये छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी एका अमेरिकन विनोदी मालिकेसाठी बहुतेक प्रकाश वरून आणि सगळीकडे सारखा ठेवला, त्यामुळे प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे एकदम चालवता आले आणि शॉटगणिक दिवे हलवावे लागले नाहीत. त्याची किंमत म्हणजे सपाट चेहरे. चर्चेच्या सेटवर अजूनही तोच सौदा चालतो. दिग्दर्शकाला कुठल्याही कॅमेऱ्यावर केव्हाही जाता यावं, म्हणून प्रकाशवाला आपली हौस थोडी आवरती घेतो. मागून पडणारा बॅकलाइट मात्र प्रत्येक खुर्चीला वेगळा ठेवतात, तेवढी मजा त्याची.

क्रोमावर, म्हणजे हिरव्या पडद्यासमोरच्या शूटवर, या वेळी काही लिहीत नाही. त्या सेटवर बसायला मिळालं, पण तिथे कॅमेरा एकच आणि निवेदक एकाच जागी, माझ्या सरावाला काही खाद्य नव्हतं.

पुढे

विद्यार्थ्यांच्या चर्चेच्या एका रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचं आयएसओ, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्डिंग, ठेवलं जाणार आहे. दिग्दर्शन एक सीनियर करणार आहे. मी मागे बसून माझे कॉल माइकवर बोलून ठेवेन आणि नंतर आयएसओवरून माझा कट वेगळा बांधेन. दोन्ही आवृत्त्या एकाखाली एक लावल्या की दोन गोष्टी दिसतील: मी कुठे आधी गेले, आणि तिने कुठे मुद्दाम कट घेतलाच नाही. दुसऱ्या गोष्टीची मला जास्त उत्सुकता आहे. टेबलावर बोट आपटून फक्त पडलेले कट पडताळता येतात, टाळलेल्या कटची नोंद कुठल्याच ट्रॅकवर नसते. त्यासाठी तिचा टॉकबॅकही वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं साउंडवाल्याशी बोलून ठेवलं आहे, म्हणजे "नेक्स्ट" म्हणून सोडून दिलेले शॉट तरी सापडतील.