मागचा ब्रेक सुटत नाही? लायनर बदलण्याआधी कॅम बघा

मागे ड्रम ब्रेक असलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलींना कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा आजार हमखास होतो. ब्रेक लागतो, पण पाय काढला तरी सुटत नाही. गाडी ढकलायला जड जाते, ॲव्हरेज पडतं, हब तापतो. अशा वेळी ब्रेकचा ॲडजस्टिंग नट ढिला करून देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. नवे लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर, टाकूनही उपयोग नाही, कारण बहुतेक वेळा दोष कॅमच्या दांड्यात असतो. ब्रेक दाबला की फिरून दोन्ही शू ड्रमवर दाबतो तो कॅम. पॅनेलच्या, म्हणजे शू ज्यावर बसतात त्या ड्रमच्या झाकणाच्या, भोकात चिखल-पाणी शिरतं, जुनं ग्रीस वाळतं, गंज धरतो आणि आतल्या स्प्रिंगांना कॅम परत फिरवता येत नाही.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घ्या. ॲडजस्टिंग नट काढून पायडलकडून येणारा रॉड आर्ममधून (कॅमच्या दांड्याच्या बाहेरच्या टोकावरची पट्टी) सोडवा आणि आर्म हातानं फिरवून सोडा. तो झटकन मागे यायला हवा. रेंगाळला तर कॅम जाम आहे. आर्म मोकळा पण पायडल वर येत नसेल, तर पायडलची पिन साफ करून ग्रीस लावा, रिटर्न स्प्रिंग तपासा. दोन्ही मोकळे असूनही चाक जड फिरत असेल, तर चेनचा ताण आणि बेअरिंग बघा.

बाहेरून कॅमवर ऑइल मारण्याचा मोह टाळा. ते आत उतरून लायनरला लागतं आणि ब्रेकच जातो.

अँकर लिंक (पॅनेलला फिरू न देणारी पट्टी) सोडवून चाक आणि पॅनेल काढा. लायनरची धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ओल्या फडक्यानं पुसा. दोन्ही शू घडी घातल्यासारखे आत दुमडले की स्प्रिंगांसकट निघतात. आर्म काढण्याआधी आर्मवर आणि कॅमच्या टोकावर पंचनं समोरासमोर खूण करा. एक दाता चुकला तरी आर्मचा कोन बिघडतो.

खरं काम इथे आहे. दांडा आणि भोक रॉकेलनं धुवा, गंज 400 नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा. कोरडा कॅम दोन बोटांनी सहज फिरेपर्यंत घासत राहा. मग उष्णता सहन करणारं ग्रीस पातळ लावा: दांड्याला, कॅमच्या शूला टेकणाऱ्या बाजूंना आणि शूची दुसरी टोकं जिथे टेकतात त्या अँकर पिनला. जास्तीचं पुसून टाका. फेल्टचा वायसर इंजिन ऑइलमध्ये बुडवून, पिळून बसवा. पाणी अडवणारा तोच.

लायनर 2 मिमीपेक्षा कमी उरला असेल तर जोडी बदला. चकाकी आली असेल तर 100 नंबरच्या पेपरनं मोडा. स्प्रिंगचे वेढे सुटलेले दिसले तर नव्या घ्या, त्या स्वस्त मिळतात. ड्रमच्या कडेला धार आली असेल तर शू तिथे अडकतो. उद्यमनगरात लेथवर ती काढून मिळते, पण हबवर कोरलेली मर्यादा ओलांडू देऊ नका. 110 मिमीच्या ड्रमला ती साधारण 111 असते.

बसवताना एक गोष्ट बरेच जण विसरतात. एक्सलचा नट पक्का करताना पायडल दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. मग अँकर लिंकचा नट आवळा, नवी स्प्लिट पिन टाका. पायडलला 20 ते 30 मिमी मोकळी चाल ठेवा आणि ब्रेक लाइटचा स्विच त्यानुसार जुळवा.

पंचगंगेच्या पुराच्या पाण्यात उभी राहिलेल्या गाडीचं पॅनेल मात्र ब्रेक ठीक वाटला तरी उघडाच. आत बसलेला गाळ वाळल्यावर त्रास देतो.