होते की आहेत?

एका शब्दावरून मी आख्खा गट अंगावर घेतला, त्या दिवसाची ही गोष्ट. गटातल्या माणसांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. माझी चूक मात्र होती तशीच ठेवली आहे.

गट ८ जणांचा. प्रत्येकाच्या घरात स्मृतिभ्रंश झालेलं कुणीतरी, आणि त्या माणसाचं सगळं करणारी ही मंडळी. आठवड्यातून एकदा दीड तास, अशा १२ बैठका ठरल्या होत्या. बंद गट, म्हणजे मध्येच नवा माणूस घ्यायचा नाही. समुपदेशक आम्ही दोघी, मी आणि माझी सहकारी.

पहिल्या चार बैठका फारच गोड झाल्या. कुणी कुणाचं बोलणं तोडायचं नाही. 'बरोबर आहे तुमचं', 'मॅडम सांगतील तसं'. एकदा माझा घसा बसला होता तर तिघांनी तीन उपाय सांगितले आणि चौथीने माझ्या बाजूची खिडकी लावून घेतली. घरी रात्रंदिवस दुसऱ्याचं करणारी माणसं इथे येऊन माझं करायला लागली होती. मला ते आवडत होतं, हेही सांगून टाकते.

माझ्या फाइलमध्ये एक तक्ता असायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली मांडलेले गटाचे टप्पे: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग. पुढे १९७७ मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत त्यांनी गट विसर्जित होण्याचा पाचवा टप्पा जोडला. विद्यार्थ्यांना शिकवताना मी ओळख, खटके, घडी, काम आणि निरोप असं सांगते. हे टप्पे आता कंपन्यांच्या प्रशिक्षणात इतके फिरतात की टकमन यांनी चाळलेल्या ५० लेखांतले पुष्कळसे उपचारगटांवरचे होते, हे कुणाच्या लक्षात नसतं. तर त्या तक्त्यावर मी पेन्सिलीने आठवडे मांडून ठेवले होते. खटके: तिसरी-चौथी बैठक. ते काही झाले नाहीत. मी ठरवून टाकलं की हा गट समजूतदार आहे, ती पायरी गाळून पुढे गेला.

खटका उडाला होता तो फक्त एका काकांशी. निवृत्त गृहस्थ, कुणी काही बोललं की सल्ला तयार. औषधांना वारांचे कप्पे असलेला डबा घ्या, दाराला वरून कडी बसवा. चौथ्या बैठकीत दोघीतिघी त्यांच्यावर जरा जास्तच खेकसल्या. मी मध्ये पडले आणि अगदी प्रशिक्षणात शिकवतात तसं विचारलं, "काका, सल्ल्याऐवजी तुमच्याबद्दल सांगाल का?" काका गप्प झाले ते बैठक संपेपर्यंत.

पाचवी बैठक. एक बाई सांगत होत्या की त्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्याने आतून कडी लावून घेतली आणि ती उघडायची कशी हेच विसरले. अर्धा तास त्या दाराबाहेर बसून त्यांना आवाज देत होत्या. बोलताना हातातल्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. मला त्यांचं बोलणं पुढे न्यायचं होतं. मी म्हटलं, "तुमचे मिस्टर तसे फार शिस्तीचे होते ना?"

चेन अर्ध्यावर थांबली.

"आहेत," त्या म्हणाल्या. "अजून आहेत ते."

"हो हो, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं तुम्हाला."

मग बांध फुटला. आईला सांभाळणारा एक तरुण, जो चार आठवडे फक्त मान हलवत होता, तो म्हणाला, "पाच आठवडे झाले मॅडम, आम्ही बोलतो आणि तुम्ही विचारता कसं वाटतंय." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "दीड तास इथे यायचं म्हणून मी कुणाकुणाच्या हातापाया पडते. कशासाठी?" आणि कोपऱ्यातून, अगदी शांत आवाजात, "तुमच्या घरी आहे का कुणी असं?"

माझे कान तापले. तोंडाशी तीन वाक्यं तयार होती. एक लांबलचक माफी. दुसरं, गटात असं होत असतं याचं स्पष्टीकरण. तिसरं आमच्या धंद्यातलं हत्यार: 'या रागामागे काय आहे, बघू या का?' दिसायला सालस, पण समोरच्याचा राग त्याच्याच पदरात परत टाकणारं. ते मी बोलणारच होते. माझी सहकारी बरोब्बर समोर बसली होती. तिने पेन खाली ठेवलं आणि मान जराशी, नाही अशी हलवली. दोन समुपदेशकांनी शेजारी न बसता समोरासमोर बसावं, हा नियम मी कितीतरी वर्षं पाळत होते. उपयोग त्या दिवशी कळला.

"मी त्यांना होते म्हटलं. चुकलं माझं," मी म्हणाले. "माझ्या घरी असं कुणी नाही. आणि इथे येऊन हाती काही लागत नाही असं वाटत असेल तर आज तेच बोलू या. अजून काय काय आहे?"

कुणीच बोललं नाही. सहकारीच्या नोंदीत ती शांतता दीड मिनिटाची आहे. मला ती तासाभराची वाटली.

मग काका बोलले. जमिनीकडे बघत.

"मी घरी होतीच म्हणतो. बायकोबद्दल. ती समोर बसलेली असते आणि मी फोनवर सांगतो, फार हुशार होती, सगळे हिशोब तीच बघायची. परवा असंच बोलत होतो, तर तिने वर बघितलं माझ्याकडे."

पुढे त्यांना बोलवेना. एरवी कुणी डोळे टिपले की रुमालांचा डबा लगेच हातोहात पुढे सरकायचा. तो डबा टेबलावरच राहिला. पर्सवाल्या बाई म्हणाल्या, "मीही म्हणते. मनात. म्हणून तर तुमच्या तोंडून ऐकवलं नाही."

नंतर आम्ही दोघी बराच वेळ त्याच खोलीत बसून होतो. तिच्या वहीत 'खटके?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं होतं. मला तेव्हा कुठे चौथी बैठक आठवली. मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी गटोपचारावरच्या पुस्तकात, ज्याची पहिली आवृत्ती १९७० ची, हे स्पष्ट लिहिलंय की नेत्याकडून चमत्काराची अपेक्षा असते, ती पुरी होत नाही, म्हणून त्याच्यावर राग येणं अटळ असतं. आणि नेत्यावर रागावण्याची सोय नसेल तर तो राग गटातल्याच कुणावर तरी निघतो. मी गोड वागून वागून ती सोय बंद केली होती. काकांचा बळीचा बकरा झाला होता, आणि त्यांना गप्प बसवण्यात माझाही हात होता. 'सल्ला देण्याची सवय' असं मी त्यांच्या नावापुढे लिहून मोकळी झाले होते!

ब्रिटिश मनोविश्लेषक विल्फ्रेड बायन यांनी दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात गट चालवले. गट नकळत असं वागतो की जणू एकच माणूस सगळ्यांना तारणार आहे, हे त्यांचं निरीक्षण. त्याला ते अवलंबित्व म्हणतात. हे मी दरवर्षी शिकवते. खुर्ची ओढून देणाऱ्या, खिडकी लावणाऱ्या माणसांत ते मला दिसलं नाही, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

पर्सवाल्या बाई सहाव्या बैठकीला आल्या नाहीत. गट पुन्हा पहिल्या दिवसासारखा झाला: हवापाणी, प्रकृती, मॅडम सांगतील तसं. घरी परतल्यावर मी तक्त्यावरचे आठवडे खोडले. पुस्तकातले टप्पे एका ओळीत छापलेले असतात. प्रत्यक्षात एक खुर्ची रिकामी राहिली आणि आम्ही तीन बैठका मागे गेलो. सातवीला बाई आल्या, म्हणाल्या, नवऱ्याजवळ बसायला कुणी मिळालं नाही, बाकी काही नाही. त्या तरुणाने सरळ विचारलं, "आमच्यावर रागावला होतात का?" त्या म्हणाल्या, "थोडी." असा प्रश्न चौथ्या बैठकीपर्यंत कुणीच कुणाला विचारला नसता.

शेवटच्या बैठकीत ज्याने त्याने आपल्या माणसाबद्दल थोडंसं सांगायचं ठरलं होतं. बाईंची पाळी आली.

"माझे मिस्टर गणित शिकवायचे," त्या म्हणाल्या.

काकांच्या तोंडात सल्ला आला असावा. ओठ हलले त्यांचे. मग त्यांनी विचारलं, "आणि आता?"

"आता खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्या मोजतात. तेरानंतर पुन्हा सात म्हणतात."

"मग तुम्ही काय करता?"

"मी आठ म्हणते."