उन्हातली जाई, सावलीतली अबोली

देवाला वाहायला आणि डोक्यात माळायला बाराही महिने घरचं फूल मिळावं, म्हणून मी दोन झाडं निवडली: जाई आणि अबोली. घर फोंडा तालुक्यात. पुढे उघडं अंगण, मागे माड-पोफळींची सावली, जमीन तांबड्या जांभ्याची. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. इथे फुलझाड लावायचं तर पाणी निघून जायची सोय आधी करावी लागते, खताचं मग बघायचं.

वळेसरात, म्हणजे डोक्यात माळायच्या गजऱ्यात, या दोघी एकमेकींना लागून बसतात, म्हणून त्या एकाच वाफ्यात लावाव्यात असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्या गरजा पार वेगळ्या आहेत.

जाईला ऊन पाहिजे. निम्मा दिवस तरी थेट ऊन मिळालं नाही तर ती नुसती पानं काढत राहते. म्हणून अंगणाची पुढची बाजू तिला दिली. दीड फूट खड्डा घेऊन त्यात कुजलेलं शेणखत, थोडी निमपेंड आणि चांगली माती भरली. रोप शेजारच्या माईंच्या वेलाचं. पावसाळ्यात त्यांच्या वेलाची एक लांब फांदी जमिनीला टेकवली, टेकली तिथली साल जराशी खरवडली, वर माती घातली आणि फांदी उचलू नये म्हणून चिऱ्याचा तुकडा ठेवला. मुळं धरली तशी मूळ वेलापासून तोडून आणून लावली. मांडव पोफळीच्या रिपांचा केला. लोखंडी जाळी उन्हात तापते आणि कोवळे शेंडे करपतात, त्यापेक्षा हा बरा.

पहिलं वर्ष वेल वाढण्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी डिसेंबर सरत आला तेव्हा माई कोयती घेऊनच आल्या. त्याआधी आठवडाभर पाणी बंद ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं. मांडवावर चढलेला सगळा हिरवागार पसारा त्यांनी गुडघ्याच्या थोडं वर येईपर्यंत छाटला. उरलेली पानंही ओरबाडून काढली.

‘‘माई, इतकं खाली?’’

‘‘कापल्याबगर फुलां कशीं येतलीं गो?’’

त्याला कारण आहे. जाईच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. जुनं लाकूड ठेवलं तर वेल दिसायला भरगच्च राहतो, पण फुलं तुरळक आणि तीही हात पोचणार नाही अशा उंचीवर. छाटणीनंतर बुंध्याशी शेणखत आणि राख घालून पाणी सुरू केलं. फूट आली, आणि पहिला पाऊस पडला तेव्हा मांडवाखालून जाताना मान वर करावी लागत नव्हती, वास खालपर्यंत येत होता.

जाईचा खरा हंगाम पावसाळा. मार्दोळला म्हाळसादेवीच्या देवळात जायांची पूजा होते तीही पावसाळ्यातच. तेव्हा सगळं देऊळ या फुलांनी सजतं आणि त्या परिसरातल्या बागायतदारांच्या वर्षाच्या मेहनतीचं चीज होतं. कळी बाहेरून गुलाबीसर असते, आतून पांढरी. संध्याकाळी ती उमलायच्या आत काढावी लागते. उमलेपर्यंत थांबलं तर माळताना पाकळीला बोट लागतं आणि तिथेच डाग पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल तपकिरी झालेलं असतं. टिकण्याच्या बाबतीत जाईकडून फार अपेक्षा ठेवू नये. पण तिचा पाला कामाचा: तोंड आलं की आमच्याकडे जाईचा पाला चावायला देतात, आणि जखमेवर लावायच्या जात्यादी तेलातली ‘जाती’ ती हीच.

आता अबोली. माझा जीव हिच्यावर जास्त आहे, ते लपवत नाही.

अबोली दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली, म्हणजे इथल्या दमट हवेत रुळलेली. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी माडाच्या झावळ्यांतून गाळून आलेला उजेड तिला पुरतो. कडक उन्हातही ती जगते, पण फुलाचा रंग विटतो आणि पानं पिवळट पडतात. मी तिला मागच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच वाफ्यात लावलं. वाफ्याला कडेने चिरे लावले आणि उन्हाळ्यात ओल राहावी म्हणून नारळाची सोडणं पसरली. उंच वाफा मात्र पावसासाठी. तिच्या मुळांशी चार दिवस पाणी तुंबलं की रोप वरून हिरवं दिसत असतानाच खालून सडतं.

दुसरा शत्रू दिसत नाही. झाड खुरटलं, फुलं बारीक झाली, पाणी-खत असूनही तरारी नाही, तर एक रोप उपटून मुळं बघावीत. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. तसं रोप जाळून टाकायचं आणि त्या वाफ्यात परत अबोली लावायची नाही. तिथे एक हंगाम झेंडू लावायचा. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात. नवीन वाफ्यात मी निमपेंड पहिल्यापासूनच घालते.

फूल काढताना बघत राहावं असं हे झाड आहे. हिरवं, चौकोनी कणीस सरळ उभं असतं. त्याच्या खवल्यांमधून फुलं खालून वर, रोज थोडी थोडी उमलत जातात, त्यामुळे एक कणीस कितीतरी दिवस पुरतं. फुलाच्या पाकळ्या एकाच बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या. खाली नळी इतकी नाजूक, की चिमटीत धरून सरळ वर ओढली तरच अख्खं फूल हातात येतं. सगळी फुलं संपलेलं कणीस मी देठापासून कापते, म्हणजे बाजूने नवी कणसं येतात. दोन-चार मात्र बियांसाठी ठेवते. वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब टाका: काही क्षण काहीच होत नाही आणि मग टिचकन् फुटून बिया लांब उडतात. पहिल्या पावसात वाफ्याजवळ उभं राहिलं तर हा आवाज ऐकू येतो. महिन्याभराने पायवाटेच्या कडेला रोपं उगवलेली असतात, तीच उचलून लावायची. गडद केशरी ‘दिल्ली’ अबोलीला बी धरत नाही, तिची फांदीच लावावी लागते. झुडूप दोन-तीन वर्षांत काटकुळं होतं, तेव्हा ते उपटून नवं लावलेलं बरं.

अबोलीला वास नाही. पण धो धो पावसाचे दिवस सोडले तर ती वर्षभर फुलते, आणि माळलेलं फूल दोन-तीन दिवस तसंच राहतं. जाई हिवाळ्यात छाटून ठेवलेली असते. त्या जत्रांच्या दिवसांत, माघातल्या मंगेशीच्या जत्रेपर्यंत, घरचं फूल म्हणजे अबोलीच. चतुर्थीच्या सुमाराला दोघी एकदम हाताशी येतात. तेव्हा केळीच्या सोपटाचा भिजवलेला धागा घ्यायचा, चार अबोली, दोन जाई अशा जोड्या समोरासमोर ठेवून गाठ मारत जायची. अबोलीची नळी चुरगळू नये म्हणून गाठ सैल, जाईला जरा घट्ट. सुती दोऱ्याने नळी कापली जाते, सोपटाने नाही.

पणजीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतणीने दोन्ही रोपं मागितली. तिची गॅलरी उत्तरेला, समोर दुसरी इमारत. तिला मी अबोलीच्या चार फांद्या दिल्या, बुडाला मोठं भोक असलेली कुंडी घ्यायला सांगितली आणि कुंडीखाली ताटली ठेवू नको म्हणून बजावलं. जाई दिली नाही. तिच्या मजल्यावर सगळ्यांसाठी मोकळी गच्ची आहे. तिथे ऊन कुठून कुठे जातं ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदा बघून ये, मग डिसेंबरात छाटायला मी स्वतः येईन, असं तिला सांगितलं आहे.