रिकामा ठोका

सकाळी साडेआठला फोन आला. ऑर्केस्ट्राच्या मुख्य कंडक्टरचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. दहाची शेवटची तालीम आणि संध्याकाळचा कार्यक्रम सहायकाने, म्हणजे मी, घ्यायचा होता. बेथोव्हनची पाचवी सिम्फनी, दोन दिवसांच्या तालमी आधीच झालेल्या.

अशा वेळी नवख्या कंडक्टरला स्वतःची पाचवी ऐकवायची खुमखुमी येते. ती आवरायची. दोन दिवस घोटलेलं वादकांच्या हातात बसलेलं असतं. अडीच तासांत ते बदलायला गेलं, की जुनं मोडतं आणि नवं बसत नाही. बदलीवर आलेल्याने दुसऱ्याचं ताट न सांडता पोचवायचं, बस.

म्हणूनच सहायक रोज सभागृहात मागे बसून स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्रित स्वरलिपीत, पेन्सिलीने सगळं टिपत असतो: लय, थांबे, गज कुठे वर नि कुठे खाली, हॉर्नच्या आवाजाखाली बसून हे फुंकवाद्य कुठे दबतं. माझाही स्कोअर तसा भरलेला होता. नेमकी एक गोष्ट राहिली होती.

ही सिम्फनी सुरू होते ती शांततेने. ठेका 2/4, म्हणजे प्रत्येक बारमध्ये (मोजणीच्या एका घरात) दोन मात्रा, पण लय इतकी जलद, बेथोव्हननेच बारला एक या हिशोबाने मिनिटाला 108 लिहिलेली, की प्रत्येक बारला हात एकदाच खाली येतो. पहिल्या बारमध्ये आधी एका क्वेव्हरची (अर्ध्या मात्रेची) विश्रांती, मग तीन 'जी' सूर, आणि दुसऱ्या बारमध्ये ताणलेला 'ई फ्लॅट', हाच पहिला थांबा. हात खाली येतो तेव्हा कुणीच वाजवत नाही. सेकंदाचा साधारण सातवा भाग उलटला, की सगळी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एकदम सुटली पाहिजेत.

शिकताना सांगितलेलं असतं, की अपबीट, म्हणजे सुरुवातीआधीचा वर जाणारा इशारा, एकच द्या आणि त्यातच लय दाखवा. तसाच दिला. निम्मी व्हायोलिनं वाजली, चेलो गज तारेवर टेकवून तसेच राहिले. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनांच्या प्रमुख, पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "ते आधी एक ठोका रिकामा देतात. अगदी लहान, छातीशी."

मागच्या रांगेतून कंडक्टरची पाठ दिसते. छातीशी दिलेला ठोका पाठीआड जातो. दोन दिवस आवाज टिपला, हात टिपलाच नव्हता.

मग त्यांचाच ठोका घेतला. त्यातली मेख अशी, की रिकामा ठोका श्वासाशिवाय, नुसत्या मनगटाचा हवा आणि खरा अपबीट श्वासासकट. दोन्ही सारखेच मोठे झाले तर कुणीतरी पहिल्यावरच घुसतं. तिसऱ्या खेपेला जमलं. दुसरा थांबा पहिल्यापेक्षा एका बारने लांब आहे, तेव्हा तो जास्तीचा बारही हाताने दाखवावा लागतो. थांबा तोडताना हात जोरात फिरवला तर पुढे येणारा दुसऱ्या व्हायोलिनांचा गट दणक्यात येतो, तिथे लिहिलंय मात्र 'पियानो', म्हणजे हळू. तोडणाराच हात, लहान ठेवून, पुढच्या बारचा ठोका करायचा.

बारचे आकडे माझ्या स्कोअरमध्ये, वादकांच्या जुन्या पार्टमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या आपापल्या स्वरलिपीत, नुसती अक्षरं. "अक्षर सी, त्याच्या आधीचे नऊ बार" असं मोजत मोजत पंधरा मिनिटं गेली.

शेवटचा भाग आधी घेतला. तीन ट्रॉम्बोन (पितळी वाद्यं), पिकोलो (छोटी बासरी) आणि काँट्राबसून (खर्जातला बसून) फक्त तिथेच आहेत, त्यांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. कार्यक्रमात मात्र ट्रॉम्बोन तीन भाग गप्प बसून गार पडतात आणि पहिलाच सूर फोर्टिसिमो, म्हणजे खूप जोरात, वाजवतात. गार पितळ उतरलेलं वाजतं. त्यांना चार-पाच बार आधीच नजर द्यायची, म्हणजे नळीत फुंकर घालून वाद्य तापवता येतं. तिसऱ्या भागातून चौथ्यात शिरताना टिंपनी (मोठे नगारे) दबक्या आवाजात ठोके देत असते, नंतर आवाज चढत जातो. तिथे लय पळते. बेथोव्हनने तिसऱ्यात बारला एक असे मिनिटाला 96 दिलेत, चौथ्यात अर्ध्या बारला एक असे 84, म्हणजे हात उलट किंचित सैल पडायला हवा. चढत्या आवाजाबरोबर हात पळाला, की चौथ्या भागातली क्वेव्हरं चिखल होतात. आम्ही तो सांधा पाच वेळा केला, अँदान्ते, म्हणजे संथ दुसरा भाग, फक्त एकदा.

14 नोव्हेंबर 1943 ला कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी 25 वर्षांचे लिओनार्ड बर्नस्टाइन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकही तालीम न करता उभे राहिले होते. आमच्याकडे अडीच तास होते, हे स्वतःला बजावणं भाग होतं.

संध्याकाळी अडचण वेगळीच निघाली. टिंपनी बारा मीटर मागे. आवाज तेवढं अंतर तोडायला सेकंदाचा तिसावा भाग घेतो, त्यात भरल्या सभागृहात डबल बास (सगळ्यात मोठी, खर्जातली तंतुवाद्यं) आणखी उशिरा उमटतात. ऐकून ठोका द्यायला लागलं, की हात आवाजाची वाट बघतो, वादक हाताची, आणि लय दर पानाला जड होते. दुसऱ्या भागात दोनदा तसं झालं. कॉन्सर्टमास्टरांच्या गजाकडे बघून लय परत धरली. पहिल्या भागातल्या ओबोच्या (सनईसारख्या वाद्याच्या) एकट्या ओळीला मात्र हात पूर्ण खाली ठेवले. ती ओळ ओबोवादकाची, कंडक्टरने फक्त नंतरचा ठोका वेळेवर द्यायचा.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कोअरच्या पहिल्या पानावर 'रिकामा, छातीशी' असं लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक तालमीतली दहा मिनिटं हॉर्नच्या मागे, कंडक्टरच्या समोर बसून काढतो.